अर्ध्या तासात होतं ते फक्त इन्स्टॉल

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद झाले, तेव्हापासून विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम वापरा, असं सांगणारा एक मेसेज ग्रुपांवर फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा: "जुना कॉम्प्युटर भंगारात काढू नका, लिनक्स टाका. अर्ध्या तासात होतं. सगळी कामं तशीच चालतात. अडतं ते फक्त सवयीमुळे. तुमच्या मोबाईलमध्येही लिनक्सच आहे. केरळच्या शाळांना जमलं, तुम्हाला का नाही?"

मी सांगलीत डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करून छपाईसाठी पानं लावायचं, काम करते. दुकानातल्या दोनपैकी एका मशीनवर मी लिनक्स मिंट (लिनक्सची एक आवृत्ती) टाकलंय आणि ते काढायचा माझा विचार नाही. त्यामुळे हे लिनक्सविरुद्धचं लिखाण नव्हे. पण या मेसेजवर विसंबून कुणी ऐन सीझनमध्ये चालतं मशीन पुसून टाकलं, तर त्याची रोजीरोटी अडेल.

मेसेजमागचा राग मात्र रास्त आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा. उत्तम चालणारी कितीतरी मशीनं एवढ्यावरून बाद ठरतात. पण म्हणून उद्याच काही करायला हवं असंही नाही. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. मेसेजमध्ये हे कुठेच नाही.

आता तो अर्धा तास. इन्स्टॉल खरंच तेवढ्यात झालं. मी विंडोजही शेजारी ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला विंडोज सुरू केलं, तर घड्याळात सहा वाजलेले! मशीनच्या आतल्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवतं आणि लिनक्स जागतिक वेळ, त्यामुळे आपल्याकडे बरोबर साडेपाच तासांचा फरक पडतो. एका कमांडने तो मिटतो, पण ती शोधायला मला दुपार लागली. नंतर कळलं की विंडोजच्या ड्राइव्हवर लिनक्समधून काही सेव्हच होत नाहीये. विंडोजचा 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर बंद केल्यावरही ते पुरतं बंद होत नाही, आणि लिनक्स त्या ड्राइव्हवर काही लिहू देत नाही. मग प्रिंटर. माझ्या मॉडेलचा लिनक्स ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, कंपनीने काढलेलाच नाही. त्यात तीन संध्याकाळी गेल्या. शेवटी तो दुसऱ्या मशीनला जोडला.

"सगळी कामं तशीच चालतात" हे वाक्य लिहिणाऱ्याने जुनी मराठी फाईल कधी उघडलेली नसावी. कृतिदेव ०१० हा फॉन्ट घ्या. स्क्रीनवर 'मराठी' दिसतं, पण फाईलमध्ये त्या जागी ई, जे, के, बी, एच ही पाच रोमन अक्षरं असतात. फॉन्ट फक्त त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. माझ्याकडे अशा पद्धतीच्या फॉन्टांतलं अठरा वर्षांचं काम आहे: लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका. फॉन्ट लिनक्सवर टाकता येतो, अक्षरं दिसतातही. पण मी ज्यातून टाइप करायचे ते सॉफ्टवेअर विंडोजचं आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठेही मराठीच राहणाऱ्या आजच्या प्रमाणित अक्षरांत, बदलून घ्यायचं म्हटलं, तर कन्व्हर्टर हमखास रफारात आणि पहिल्या वेलांटीत घोळ घालतो. 'वाऱ्यावर'मधला ऱ्य तर शोधून शोधून दुरुस्त करावा लागतो. म्हणजे जे मॅटर एकदा प्रूफ होऊन छापलं गेलंय, त्याचं पुन्हा प्रूफ.

बाहेरून येणाऱ्या फायलींचंही तेच. एका मंडळाची स्मरणिका वर्डमध्ये, मंगल फॉन्टमध्ये आली. मंगल हा विंडोजबरोबर येणारा फॉन्ट, मिंटमध्ये नसतो. त्याच्या जागी दुसरा बसला, ओळी सरकल्या आणि ४८ पानांची ५१ झाली. ४८ म्हणजे सोळा पानी तीन फर्मे (एका मोठ्या कागदावर एकत्र छापायच्या पानांचे गट) बरोबर. ५१ घेऊन प्रेसमध्ये जाताच येत नाही, शिवाय अनुक्रमणिका चुकली ती वेगळीच. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या फायली लिनक्सवरची लिब्रेऑफिस आणि इंकस्केप ही सॉफ्टवेअरं उघडतात, हे खरं. पण त्यांतून परत कोरलची फाईल निघत नाही, आणि आमचे प्रेसवाले तीच मागतात. शेजारच्या अकाउंटंटचं टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअरही विंडोजसाठीच बनतं. माझं सॉफ्टवेअर मी बदलेन, पण माझं काम ज्यांच्या हातात जायचं त्यांचं कसं बदलणार?

"फक्त सवय" हे मला सगळ्यात जास्त लागलं. माझे हात टाइपरायटरच्या कीबोर्डावर बसलेले. तशा रचना लिनक्सवर आहेत, पण माझ्या जुन्या सॉफ्टवेअरशी त्या तंतोतंत जुळल्या नाहीत, म्हणून मी सरळ इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांसाठीची प्रमाणित कीबोर्ड रचना शिकले. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. रचना खरोखर चांगली आहे आणि आता मला ती आवडते. पण तासाला चार पानं करणारी मी दीड महिना दोनवर होते, आणि मला पैसे पानावर मिळतात.

मोबाईलच्या मुद्द्याला फार उत्तर नको. अँड्रॉइडच्या गाभ्यात लिनक्स आहे, पण म्हणून मोबाईलवर कुणी फर्मा लावत नाही.

राहिलं केरळ. तिथे 'आयटी ॲट स्कूल' हा प्रकल्प २००१ पासूनचा. शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, शाळांसाठी वेगळी लिनक्स आवृत्ती तयार केली, मल्याळमची सोय केली, पुस्तकंही त्याच सॉफ्टवेअरवर बेतली. सरकार वर्षानुवर्षं पाठीशी होतं. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सवर जायचं ठरवलं आणि ते काम २०१३ मध्ये पुरं झालं. २०१७ मध्ये परत विंडोजकडे वळायचा निर्णयही तिथेच झाला. या दोन्ही ठिकाणी अर्धा तास कुठे दिसतो?

ज्यांना जायचंय त्यांनी मिंट आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघा, हार्ड डिस्कला हात न लावता. आपल्या प्रिंटरवर एक पान काढा. सगळ्यात जुनी मराठी फाईल उघडा. ज्याच्याकडे आपलं काम जातं त्याला एक नमुना पाठवा आणि त्याच्याकडे तो नीट उघडला का, हे फोन करून विचारा.