‘तीन हजारांत दोनच गाणी’ या अभिप्रायास दुकानातर्फे उत्तर

महोदय,

सप्रेम नमस्कार. आमच्या रत्नागिरीतील रेकॉर्डच्या दुकानाबद्दल आपण लिहिलेला अभिप्राय काळजीपूर्वक वाचला. आपण दोन तारे दिलेत आणि त्यांतला एक कोकम सरबताला आहे असे स्पष्टही केलेत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे की, भिंतीवर लावलेली २०२४ मधील आवडत्या मेटल आणि पंक (रॉक संगीताचे दोन दणदणीत प्रकार) अल्बमांची यादी ही पडून राहिलेला माल खपवण्याची युक्ती आहे. तिच्यावर विसंबून तीन हजारांहून अधिक मोजून घेतलेल्या रेकॉर्डवर दोनच गाणी निघाली. आम्ही सुचवलेली दुसरी रेकॉर्ड अर्ध्या तासाच्या आत संपते. सत्तरी ओलांडलेल्या गायकाला केवळ भावनेपोटी जागा दिली आहे. मेटल आणि पंक एकत्र कोंबून दोहोंचा अपमान केला आहे. यादी म्हणजे निव्वळ ‘परदेशी भक्ती’ आहे. आणि हा गोंगाट कोकणच्या शांततेला शोभत नाही. अभिप्राय सार्वजनिक असल्यामुळे उत्तरही इथेच देत आहे.

यादी मी एकटा करतो आणि ती करताना गल्ल्याकडे पाहत नाही, हे ती नीट वाचली तर तिच्यातच दिसते. न्यूझीलंडच्या अल्सरेट या त्रिकुटाचा ‘कटिंग द थ्रोट ऑफ गॉड’ पहिल्या पाचांत आहे आणि त्याची एकही प्रत आमच्याकडे आजवर आलेली नाही. ज्यांनी मागितली, त्यांना तो इंटरनेटवर ऐका असे सांगून रिकाम्या हाताने परत पाठवले आहे. उलट ग्रीन डेचा ‘सेव्हिअर्स’ आणि लिंकिन पार्कचा ‘फ्रॉम झीरो’ हे आमच्याकडे सर्वाधिक खपलेले अल्बम यादीत कुठेच नाहीत. लिंकिन पार्कची नवी गायिका एमिली आर्मस्ट्राँग हिचा आवाज मला आवडतो, पण ‘फ्रॉम झीरो’ जुन्या खुणा जपण्यात इतका गुंतला आहे की पुन्हा लावावासा वाटला नाही. माल खपवण्याचाच विचार असता, तर हे दोन अल्बम वगळण्याइतका मी भोळा नाही.

आता दोन गाण्यांकडे वळतो, कारण आपला खरा राग तिथे आहे. आपण नेलेला अल्बम अमेरिकेतील डेन्व्हरच्या ब्लड इन्कँटेशन या बँडचा ‘ॲब्सोल्यूट एल्सव्हेअर’ होय. त्यावर ‘द स्टारगेट’ आणि ‘द मेसेज’ या दोनच रचना आहेत हे खरे. परंतु त्या प्रत्येकी वीस मिनिटांहून मोठ्या असून प्रत्येकीचे तीन भाग आहेत, आणि हे आपल्याला पैसे घेण्यापूर्वी सांगितले होते. मिनिटाला तेहतीस फेऱ्या घेणाऱ्या बारा इंची रेकॉर्डच्या एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटे ठेवली तर खोबणींना पुरेशी जागा मिळते आणि खर्जाचा जोर टिकतो. त्याहून जास्त भरले की खोबणी दाटीवाटीने बसतात आणि आवाज दबतो. एका बाजूला एक रचना हे माप रेकॉर्डच्या अंगाला अगदी बेताचे बसणारे आहे.

आपण दुकानात ऐकलीत ती पहिल्या बाजूची सुरुवात, म्हणजे डेथ मेटल या गुरगुरत्या गळ्याच्या जड प्रकाराचा भडिमार. पुढे तो अचानक ओसरतो, गुरगुरणारा गळा थांबतो, गिटारचे सूर लांबत जातात आणि सिंथेसायझर सगळी जागा व्यापतो. या रचनेच्या, म्हणजे ‘द स्टारगेट’च्या, दुसऱ्या भागात जर्मनीच्या टँजरीन ड्रीम या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या बँडमधील थॉर्स्टन क्वेशनिंग पाहुणा वादक म्हणून आला आहे. बर्लिनच्या ज्या हान्सा स्टुडिओत हा अल्बम मुद्रित झाला, तिथेच डेव्हिड बोवीने १९७७ साली ‘हीरोज’ मुद्रित केला होता, आणि त्या शहराच्या जुन्या इलेक्ट्रॉनिक संगीताची छाया या रेकॉर्डवर आहे. त्यानंतर मेटल परत येते तेव्हा ते सुरुवातीपेक्षा जड वाटते, कारण मधली विश्रांती आपण ऐकलेली असते. सुई मध्येच उचलणाऱ्याला यातले काहीच हाती लागत नाही. बडा ख्याल संपल्यावर तासाभरात चीज एकच झाली म्हणून तिकिटाचे पैसे कोणी परत मागत नाही.

दुसरी रेकॉर्ड नॉक्ड लूज या केंटकीच्या बँडची, ‘यू वोन्ट गो बिफोर यू आर सपोज्ड टू’. दहा गाणी, साधारण २७ मिनिटे. कमी लांबी ही जर फसवणूक असेल, तर स्लेयर या मेटल बँडचा १९८६ चा ‘रेन इन ब्लड’ही त्यातच धरावा लागेल, तोसुद्धा अर्ध्या तासाच्या आत आटोपतो, आणि त्यामुळेच कॅसेटच्या प्रत्येक बाजूवर तो अख्खाच्या अख्खा अल्बम बसला होता. नॉक्ड लूजच्या गाण्यांत वेग एका ठोक्यात तुटतो आणि तीच चाल निम्म्या गतीने अंगावर येते. पॉपी या गायिकेबरोबरच्या ‘सफोकेट’मध्ये हे दोन-तीनदा घडते आणि प्रत्येक वेळी नव्याने दचकायला होते. या गाण्याला ग्रॅमीचे नामांकन मिळाले होते, ही गोष्ट वेगळी. असे पन्नास मिनिटे चालले असते तर मीच दुकान बंद करून घरी गेलो असतो.

हा बँड मेटलचा की पंकचा, हे आपणच ठरवून सांगावे. मांडणी हार्डकोअर पंकची, म्हणजे पंकच्या अधिक वेगवान आणि आक्रमक शाखेची, आणि गिटारींचा जडपणा मेटलचा, अशी त्याची घडण आहे. ही सोयरीक आम्ही जुळवलेली नाही. स्लेयरने १९९६ साली एक अल्बम जवळजवळ पूर्णपणे पंक बँडांच्या गाण्यांना दिला आणि मेटालिका या मेटल बँडने १९९८ च्या ‘गॅरेज इंक.’मध्ये मिसफिट्स आणि डिस्चार्ज या पंक बँडांची गाणी वाजवली. निव्वळ पंकच हवे असणाऱ्यांसाठी यादीत मेलबर्नच्या ॲमिल अँड द स्निफर्सचा ‘कार्टून डार्कनेस’ आहे. तो आपण हातात घेऊन परत ठेवलात.

इंग्लंडच्या ज्युडास प्रीस्ट या मेटल बँडबद्दल आपण लिहिलेले वाक्य मला अन्यायाचे वाटले. या बँडचा पहिला अल्बम १९७४ चा आणि ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’ मार्च २०२४ चा. त्या वेळी गायक रॉब हॅलफर्ड ७२ वर्षांचे होते. गिटारवादक ग्लेन टिप्टन यांना पार्किन्सन्स हा आजार असल्याचे २०१८ मध्येच जाहीर झाले होते, आणि दुसरे गिटारवादक रिची फॉकनर यांची महाधमनी २०२१ मध्ये भर कार्यक्रमात मंचावर फाटली होती. या कहाणीला मी एकही गुण दिलेला नाही. दोन गिटारी एकमेकींच्या मागे धावत शीर्षकगीताला जिथे नेऊन ठेवतात, तिथवर त्या वर्षी ऐकलेल्या तरुण पारंपरिक मेटल बँडांपैकी मला तरी कोणी पोहोचलेले दिसले नाही. ‘परदेशी भक्ती’ या शेऱ्याबाबत इतकेच की, बंगळुरूच्या क्रिप्टॉसचा ‘डेसिमेटर’ यादीत आहे, तो बहुधा नजरेतून सुटला.

किमतीत आयातशुल्क, कर आणि मुंबईहून इथवरची वाहतूक येते. आपण महामार्गाने आला असाल, तर वाहतुकीबद्दल वेगळे सांगायला नको. वेष्टने जाड प्लास्टिकमध्ये बंद ठेवतो याचे कारण इथला पावसाळा आहे: जूनमध्ये उघडे राहिलेले पुठ्ठ्याचे वेष्टन ऑगस्टपर्यंत कडेने लाटेसारखे वाकते आणि काळ्या छपाईवर बुरशीचे पांढरे ठिपके उठतात.

राहिला प्रश्न शांततेचा. कोकण शांत असते ही पाहुण्यांची समजूत आहे. मिरकरवाडा बंदरावर मासळीचा लिलाव रंगात असताना एकदा उभे राहून पाहावे. तरीही बोलत बसू इच्छिणाऱ्यांसाठी दुपारपर्यंत दुकानात हळू आवाजातच संगीत असते आणि मोठ्या आवाजाची वेळ दारावरच्या फळीवर लिहिलेली आहे.

‘ॲब्सोल्यूट एल्सव्हेअर’ नकोच असेल, तर ओरखडा नसलेली रेकॉर्ड पावतीसह आणावी. आमच्या नेहमीच्या नियमानुसार तेवढ्याच किमतीची दुसरी मिळेल. आपली आवड पाहता स्वीडनच्या ओपेथ या बँडचा ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’ सुचवतो. २००८ च्या ‘वॉटरशेड’नंतर प्रथमच गायक मिकाएल ओकरफेल्ट यांचा गुरगुरता आवाज त्यात परतला आहे, जेथ्रो टल या रॉक बँडचे इयन अँडरसन त्यात आहेत, आणि कथा आहे ती एका श्रीमंत कुटुंबप्रमुखाच्या मृत्युपत्राच्या वाचनाची, जी सातबारा आणि वाटण्यांचे दावे पाहत वाढलेल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. त्यावर आठ गाणी आहेत. एकच प्रत शिल्लक असून ती रविवारी दुपारपर्यंत आपल्यासाठी बाजूला ठेवली आहे.

आपला,
दुकानाचा मालक