सुटे भाग ऑनलाइन घेऊच नयेत? एका संदेशाचा प्रतिवाद

स्वतःचा संगणक जोडून घेणाऱ्यांमध्ये एक संदेश वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड असे भाग ऑनलाइन घेऊ नका, कंपनी त्यांना वॉरंटी देत नाही, सवलतीचे आकडे खोटे असतात आणि दुकानात तोच माल नेहमी स्वस्त पडतो, ‘फक्त बदलून मिळेल, पैसे परत नाहीत’ ही अट असली की कायदाही काही करू शकत नाही, डब्यात वापरलेला माल येतो, आणि दाद मागायची तर विक्रेत्याच्या शहरात खेटे घालावे लागतात. यातल्या बहुतेक विधानांत थोडेफार तथ्य आहे आणि म्हणूनच ती पटतात. मात्र दोष जिथे आहे तिथे बोट न ठेवता ती सगळी खरेदीच्या पद्धतीच्या माथी मारतात.

आधी वॉरंटी. एखाद्या भागाला भारतात वॉरंटी मिळणार की नाही, हे तो ऑनलाइन घेतला की काउंटरवर, यापेक्षा तो कोणत्या वाटेने देशात आला यावर ठरते. डब्यावर एक पांढरे लेबल असते. त्यावर आयातदाराचे नाव व पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहकसेवेचा संपर्क छापलेला असतो. हा आयातदार उत्पादक कंपनीचा अधिकृत वितरक असेल, तर माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या संगणक बाजारात घेतला काय आणि मोबाइलवरून मागवला काय, हक्क तोच राहतो. लेबल नसेल किंवा अनोळखी आयातदाराचे असेल, तर तो बहुधा परस्पर आणलेला, म्हणजे ग्रे मार्केटचा माल समजावा. आणि असा माल संकेतस्थळांवर विकला जातो तसाच गल्लीतल्या दुकानांतही विकला जातो. हा भेद किती महत्त्वाचा आहे, हे प्रोसेसर बनवणाऱ्या इंटेलच्या प्रकरणातून दिसते. डबाबंद प्रोसेसर भारतातल्या अधिकृत वितरकाकडून घेतलेला असेल तरच येथे वॉरंटी देण्याचे धोरण कंपनीने २०१६मध्ये आणले होते. त्याविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार झाली आणि आयोगाने २०१९मध्ये चौकशीचा आदेश दिला. वाद वितरणाच्या वाटेचा होता. ऑनलाइन की दुकान, हा प्रश्न त्यात नव्हता.

‘ट्रे’ प्रोसेसरचेही असेच. हे प्रोसेसर मुळात संगणक जोडणाऱ्या व्यावसायिकांसाठी असतात, किरकोळ विक्रीच्या डब्याशिवाय येतात आणि डबाबंद प्रोसेसरपेक्षा बहुधा स्वस्त असतात. इंटेल अशा प्रोसेसरच्या वॉरंटीसाठी ग्राहकाला विक्रेत्याकडे किंवा संगणक जोडून देणाऱ्याकडे पाठवते. ऑनलाइन जाहिरातीत हा एक शब्द मालाच्या लांबलचक नावाच्या शेवटी दडलेला असतो आणि दुकानात तो अनेकदा उच्चारलाच जात नाही. कोणता प्रकार अधिक वाईट, हे ठरवणे मला कठीण वाटते.

वॉरंटीच्या बाबतीत संदेशाची एक बाजू मात्र मान्य करावी लागते. मुंबईतला ओळखीचा दुकानदार बिघडलेला भाग ठेवून घेतो आणि वितरकाकडे परस्पर पाठवतो. लातूर किंवा गोंदियाच्या ग्राहकाला तोच भाग नीट बांधून, स्वतःच्या खर्चाने मोठ्या शहरातल्या सेवा केंद्रात पाठवावा लागू शकतो. हा खर्च आणि मधले दिवस खरेदीच्या किमतीत धरायलाच हवेत. गावातच भरवशाचा दुकानदार असेल, तर त्याला चार पैसे जास्त देणे शहाणपणाचे ठरते.

किमतीविषयीचा मुद्दा अधिक गुंतागुंतीचा आहे. सुट्या भागांच्या डब्यांवर छापलेली कमाल किंमत बाजारभावाहून बरीच वर असते, त्यामुळे तिच्याशी ताडून दाखवलेल्या ‘५५ टक्के सवलती’ला काहीही अर्थ नाही, हे संदेशाचे म्हणणे खरे आहे. पण त्यावरून दुकान नेहमी स्वस्त, असा निष्कर्ष निघत नाही, कारण दोन्हीकडचे भाव सांगण्याची रीतच वेगळी आहे. संकेतस्थळावरचा भाव करासह असतो. बाजारात फोनवर विचारले, तर कित्येकदा ‘वीस हजार प्लस जीएसटी’ असे उत्तर येते. १८ टक्के कर धरला की ते २३,६०० रुपये होतात आणि ऑनलाइन दिसलेले २२,८०० अचानक स्वस्त वाटू लागतात. त्यावर ‘बिल नको असेल तर वीसच द्या’ हा प्रस्ताव येतो. तो स्वीकारणाऱ्याच्या हाती खरेदीची तारीख व विक्रेता सिद्ध करणारा कागद राहत नाही, आणि पुढे वॉरंटी असो वा तक्रार, गरज पडते ती त्याच कागदाची.

भाव रातोरात वाढले की तो संकेतस्थळांचा डाव आहे, असेही या संदेशात सुचवलेले असते. २०२५च्या उत्तरार्धात रॅमचे भाव भडकले, ते एआयच्या डेटा सेंटरांनी रॅममध्ये लागणाऱ्या मेमरी चिपची प्रचंड मागणी केल्यामुळे. डिसेंबर २०२५मध्ये या चिप बनवणाऱ्या मायक्रॉनने ‘क्रुशिअल’ या नावाने होणारी आपली ग्राहक बाजारातली विक्री थांबवण्याचे जाहीर केले आणि त्याच महिन्यात डॉलरने नव्वदी ओलांडली. याची झळ काउंटरवरच्या ग्राहकालाही लागली. ज्या दुकानदाराकडे जुन्या भावाने भरलेला साठा होता आणि जो तो जुन्याच भावाने विकायला तयार होता, त्याच्याकडे काही दिवस स्वस्त मिळाले असेल. पण तो नियम नव्हे.

किमतीची खरी फसगत दुसरीकडेच होते आणि संदेशात तिचा उल्लेखही नाही. बिनव्याजी हप्त्यांच्या योजनेत व्याजाइतकी सूट आधीच दिली जाते, पण बँक हप्त्यांत व्याज लावते आणि त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी ग्राहकालाच भरावा लागतो. व्याज २,००० रुपये असेल तर ३६० रुपये इथेच जातात. प्रक्रिया शुल्क असेल तर ते निराळे.

‘पैसे परत नाहीत’ या अटीबद्दलचे विधान मात्र सरळ चुकीचे आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० हे जुलै २०२०पासून लागू आहेत. माल सदोष किंवा बनावट असेल, जाहिरातीत सांगितलेले गुण त्यात नसतील किंवा तो कबूल केलेल्या मुदतीनंतर पोहोचला असेल, तर विक्रेत्याला तो परत घेण्यास किंवा पैसे देण्यास नकार देता येत नाही. विलंब आटोक्याबाहेरच्या कारणाने झाला असेल तर तेवढा अपवाद आहे. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि एका महिन्यात निवारण करावे, असेही बंधन आहे. मात्र हे संरक्षण मालातल्या दोषासाठी आहे, आपल्या चुकीसाठी नाही. एएम४ सॉकेटच्या (सॉकेट म्हणजे मदरबोर्डावरची प्रोसेसर बसवण्याची जागा) बोर्डासाठी त्यात न बसणारा एएम५चा प्रोसेसर मागवला, तर पैसे परत मिळणे विक्रेत्याच्या धोरणावर अवलंबून राहते.

वापरलेला माल नवा म्हणून येण्याची भीती रास्त आहे, पण ती ऑनलाइनपुरती नाही. २०२५च्या सुरुवातीला जर्मनीत सीगेटच्या वापरलेल्या हार्ड डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचे उघड झाले, तेव्हा त्यांच्या नेहमीच्या वापरनोंदी पुसलेल्या होत्या. ‘फार्म’ नावाच्या दुसऱ्या नोंदीत मात्र हजारो तास शिल्लक होते. एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी वापरली जाणारी, चिपवर डेटा साठवणारी डिस्क) आली की ती जोडून क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये चालू राहिलेले तास आणि लिहिलेला एकूण डेटा पाहावा. नव्या एसएसडीत हे आकडे नगण्य असतात. मदरबोर्डाला अधिक जपावे लागते. एएम५च्या सॉकेटमध्ये १,७१८ पिना असतात आणि त्यातली एक जरी वाकलेली निघाली, तरी कंपन्या ते ग्राहकाकडून झालेले नुकसान मानून वॉरंटी नाकारतात. म्हणून पार्सलवरचा पत्ता, सील, डब्यावरचा व बोर्डावरचा अनुक्रमांक आणि प्लॅस्टिकचे झाकण काढल्यावर तिरक्या उजेडात दिसणारे सॉकेट, हे सगळे न थांबवता केलेल्या एकाच व्हिडिओत घ्यावे. ते झाकण फेकू नये, कारण बोर्ड परत पाठवताना पिनांवर ते लागते. दुकानात हीच तपासणी विक्रेत्यासमोर होऊ शकते आणि तो लाभ खरा आहे, पण गिऱ्हाइकांच्या गर्दीत ती करून घेणारा ग्राहक विरळा.

राहिला विक्रेत्याच्या शहरात जाण्याचा मुद्दा. ती स्थिती १९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली पुष्कळदा येत असे. २०१९च्या कायद्याच्या कलम ३४नुसार ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरीधंदा करतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. मालासाठी मोजलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि तक्रार ऑनलाइनही दाखल होते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर प्रयत्न करून पाहावा. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे. जीएसटीची वजावट मिळावी म्हणून जे फर्मच्या नावाने बिल घेतात, त्यांनी मात्र एवढे ध्यानात ठेवावे की व्यापारी हेतूने केलेली खरेदी या कायद्याच्या कक्षेत येत नाही. केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला सूट आहे, पण आपला संगणक त्यात बसतो हे तक्रारदारालाच पटवून द्यावे लागते.