राहणार मंगळ, तहसील व जिल्हा तोच

परग्रहावरील मानवी वसाहतीची कथा लिहिण्याचा आपला मनसुबा असेल, तर न्यायदानाचे सगळे काम उंच खुर्चीवरच्या एका पांढऱ्या दाढीच्या गृहस्थावर सोपवून मोकळे व्हावे. त्याने पहिल्या परिच्छेदात आरोप ऐकावा, दुसऱ्यात भुवई उंचवावी आणि तिसऱ्यात आरोपीला घुमटाबाहेर मंगळाच्या विरळ हवेत ढकलावे. वकीलपत्र, जामीन, पंचनामा या भानगडींत पडू नये. यानात वजनाला मर्यादा असते.

खटला चालवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न तर चुकूनही काढू नये. १९६७ च्या अंतराळ करारानुसार कोणत्याही राष्ट्राला ग्रहावर मालकी सांगता येत नाही. मात्र यान ज्या देशाच्या नोंदवहीत असते, त्या देशाचा यानावरचा आणि त्यातल्या माणसांवरचा अधिकार कायम राहतो. त्यातच भारतीय न्याय संहिता भारतीय नागरिकाने देशाबाहेर केलेल्या गुन्ह्यालाही लागू होते. म्हणजे आपल्या नायकाने मंगळावर सहकाऱ्याच्या डोक्यात पाना घातला आणि पुढे तो धंतोलीत मावशीकडे सापडला, तर खटला नागपुरात उभा राहू शकतो. फक्त आधी केंद्र सरकारची पूर्वमंजुरी हवी, आणि तिची फाइल कोणत्या टेबलावर अडली आहे हे पाहायला मावसभावाने दिल्लीच्या चकरा माराव्यात. हे इतके खरे वाटेल की कथेतला मंगळच खोटा वाटू लागेल, म्हणून गाळावे.

मुदतीच्या कायद्यापासूनही दूर राहावे. मंगळावरचा दिवस सुमारे २४ तास ३९ मिनिटांचा असल्यामुळे अपिलाच्या ३० दिवसांत जवळजवळ २० तासांचा फरक पडतो, आणि एवढ्या भांडवलावर आमच्याकडचा कोणताही होतकरू वकील विलंबमाफीचा अर्ज, त्याला उत्तर आणि प्रत्युत्तर मिळून दोन वर्षे आरामात काढील. (निकालाची नक्कल मिळण्यात गेलेले दिवस वगळायचे ते पृथ्वीचे की मंगळाचे, हा वाद वेगळा.) उलटतपासणी दूरस्थ ठेवण्याचा मोहही टाळावा, कारण संदेश एका बाजूने पोहोचायलाच अंतरानुसार सुमारे ३ ते २२ मिनिटे लागतात. "हो की नाही तेवढेच सांगा," असे दरडावून वकीलसाहेब बाहेर तर्री-पोहे खाऊन परत येतील, तरी साक्षीदाराचे "हो" वाटेतच असेल.

आणि एवढे सांगूनही आपल्याला खात्री वाटत नसेल, तर सिव्हिल लाइन्समध्ये कोर्टाच्या आवाराबाहेर जाऊन कडुनिंबाखालच्या टायपिस्टकडून नायकाचे प्रतिज्ञापत्र करून पाहावे. वय, धंदा इथपर्यंत तो मान वर न करता बडवीत जाईल. "राहणार?" असे विचारल्यावर आपण "घुमट क्रमांक ७, मंगळ" म्हणावे. तो तेही निमूटपणे टाइप करील, रोलर एक ओळ पुढे सरकवील आणि विचारील, "तहसील?"