पाचर बटणात कुणी ठोकली?

नाशिकच्या अंबड-सातपूरच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, कुणाचं बोट गेलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "त्याचं लक्ष नव्हतं." मला हे वाक्य मान्य नाही. एका पाळीत प्रेसचे 3000 स्ट्रोक (ठोके) मारणाऱ्या माणसाचं लक्ष कधीतरी ढळणारच. ढळलं तरी बोट शाबूत राहावं, म्हणून तर प्रेसला दोन बटणं दिलेली असतात.

दोन्ही हात बटणांवर असतील तरच रॅम (वरून दाबणारा भाग) खाली येतो, आणि हात बटणांवर असले की ते डायमध्ये (पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यात) असूच शकत नाहीत. त्यासाठी दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत एकदम दाबली गेली पाहिजेत. शिवाय प्रत्येक स्ट्रोकनंतर दोन्ही सोडल्याशिवाय पुढचा स्ट्रोक मिळता कामा नये. पॅनेलमध्ये ही सोय नसेल तर एका बटणात लाकडाची पाचर ठोकली की प्रेस एका हाताने चालते, दुसरा हात डायमध्ये मोकळा. चांगला सेफ्टी रिले (दोन्ही बटणं नीट दाबली-सोडली का हे तपासणारं उपकरण) असेल तिथे पाचरीने भागत नाही, मग आत वायरच शॉर्ट केलेली सापडते. पॅनेल उघडून वायर जोडणं हे ऑपरेटरचं काम नाही. ते मेंटेनन्सवाला करतो, आणि तोही कुणीतरी सांगितल्याशिवाय करत नाही. अपघात अहवालात 'कामगाराचा हलगर्जीपणा' लिहिण्याआधी ते पॅनेल उघडून बघा.

असं करतात ते उत्पादनासाठी. हात बाहेर काढून बटणांवर न्यायला स्ट्रोकमागे एक सेकंद जास्त धरला तर 3000 स्ट्रोकला 50 मिनिटं होतात. ही 50 मिनिटं खरी आहेत, ती नाकारून मालकाशी बोलण्यात अर्थ नाही. पण ती वाचवायची जागा वेगळी आहे. पत्र्याची पट्टी फीडरने (ती आपोआप पुढे ढकलणाऱ्या यंत्राने) सरकवा, तयार पीस हवेच्या नोझलने उडवून चूटमध्ये पाडा, एकेक पीस ठेवायचाच असेल तर सरकती डाय करा किंवा मॅग्नेटचा चिमटा द्या. सगळ्यात उत्तम म्हणजे डायलाच पक्कं गार्ड. पट्टी जाण्यापुरती फट ठेवायची, 6 मिमीपेक्षा कमी, म्हणजे बोट आत जातच नाही.

जुन्या की-क्लचच्या प्रेसबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण लहान शॉपमध्ये त्याच जास्त दिसतात आणि त्यांच्याबद्दल गैरसमजही मोठा आहे. या प्रेसमध्ये क्लच (फ्लायव्हील, म्हणजे फिरतं जड चाक, रॅमशी जोडणारा भाग) एकदा पकडला की स्ट्रोक पूर्ण होईपर्यंत थांबत नाही. त्यामुळे त्यावर लाइट कर्टन (हात आडवा आला की प्रेस थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) बसवून उपयोग शून्य. हात आत गेल्याचं कर्टनला कळतं, पण रॅम अर्ध्यात थांबवता येत नाही. त्यातून क्लचची की (धातूची खीळ) झिजली किंवा स्प्रिंग तुटली, की बटणाला हात न लावता दुसरा स्ट्रोक आपोआप बसतो. नेमका त्याच क्षणी ऑपरेटरचा हात पीस काढायला आत गेलेला असतो. अशा प्रेसला पक्कं गार्डच हवं, दुसरा खात्रीचा इलाज नाही. आणि एकदा जरी डबल स्ट्रोक बसला, तर "आता नीट चालतेय" म्हणून पाळी संपेपर्यंत रेटू नका. त्याच मिनिटाला प्रेस बंद करून क्लच उघडा.

न्यूमॅटिक, म्हणजे हवेच्या दाबावरच्या क्लचच्या प्रेसमध्ये रॅम अर्ध्यात थांबवता येतो, म्हणून तिथे कर्टन काम करतो, पण अंतर मोजून लावला तरच. हाताचा वेग सेकंदाला 1.6 मीटर धरतात. प्रेस थांबायला 0.3 सेकंद लागत असतील तर कर्टन डायपासून किमान 48 सेंमी लांब हवा, वर थोडी जास्तीची जागा. ब्रेकचं लायनर झिजलं की थांबायचा वेळ वाढतो आणि काल पुरेसं असलेलं अंतर आज कमी पडतं.

डाय बदलताना मोटर बंद केली म्हणजे प्रेस बंद झाली असं नाही. फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहतं, आणि पेडलची प्रेस असेल नि तेवढ्यात पेडलवर पाय पडला तर पूर्ण स्ट्रोक बसू शकतो. मेन स्विच बंद, त्याला स्वतःचं कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात, फ्लायव्हील पूर्ण थांबलेलं डोळ्यांनी बघायचं, हवा सोडायची, रॅमखाली तो खाली येऊ न देणारा सेफ्टी ब्लॉक, मग हात. पेठ-सुरगाण्याहून ठेकेदारामार्फत आलेल्या पोराला पहिल्याच दिवशी प्रेसवर उभं करतात, त्याला यातलं कुणी सांगितलेलं नसतं.

आता पैशाचं. ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा योजनेच्या) तक्त्यात एक अख्खी तर्जनी गेली तर कमाईची क्षमता 14 टक्के गेली असं धरतात. सरासरी मजुरी दिवसाला 500 रुपये असेल तर तिचे 90 टक्के 450, आणि त्याचे 14 टक्के म्हणजे दिवसाला 63 रुपये. आयुष्यभरासाठी. तेही नाव नोंदलेलं असेल तर. नोंद नसेल तर ईएसआय या भरपाईचा बोजा मालकाकडून वसूल करू शकते, आणि फीडर-गार्डचा खर्च त्यापुढे किरकोळ वाटतो. दवाखान्यात "घरी लागलं" असं सांगायला लावणारे सुपरवायझर त्या कामगाराचा हा हक्कच बुडवतात. कामगारांनी हे अजिबात सांगू नये.

आणि एवढं करूनही बोट तुटलंच, तर ते थेट बर्फात टाकू नका, पेशी मरतात. स्वच्छ ओल्या गॉजमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या डब्यात ठेवा. जखमेवर दाब द्या, हात वर धरा. बोट जोडणारा सर्जन कुठे आहे ते आधीच विचारून तो नंबर प्रेसजवळच्या भिंतीवर लिहून ठेवा. पिशवी डॉक्टरांच्या हातात देताना बोट किती वाजता तुटलं तेही सांगा.