आजीचा टाक आणि तुमचा आक्षेप

जय भीम दादा,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतरही आजीनं खंडोबाचा चांदीचा टाक, म्हणजे पत्र्यावर ठोकलेली देवाची छोटी प्रतिमा, कणगीत लपवून ठेवला होता आणि माझीही लहानपणची श्रद्धा आज तशीच राहिलेली नाही, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, 'असलं लिहून तुम्ही त्या पिढीची बदनामी करता. बदलते ती श्रद्धा कसली? आणि त्या टाकाचं पुढं काय केलं, तेही सांगा.'

टाकाची गोष्ट मी अर्धीच सांगितली, ही माझी चूक. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा घेतली, लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या; जुने देव मानणार नाही, पुजणार नाही, हेही त्यांत होतं. पुढं आमच्या कोरेगाव तालुक्यातल्या वस्तीतही घराघरांतले देव पाण्यात सोडले गेले. आजीनंही सोडले. तो एक टाक तेवढा राहिला, कारण तिची पहिली दोन पोरं दगावली होती आणि तिसरे माझे वडील. पोर जगावं म्हणून सासूनं तो तिच्या हातात दिला होता. मी लहान असताना ज्वारी काढायला कणगीत हात घातला की लाल फडक्यातली ती पुरचुंडी बोटांना लागायची. संध्याकाळी त्याच कणगीशेजारी आजी बुद्धापुढं मेणबत्ती लावायची आणि खड्या आवाजात त्रिशरण, म्हणजे बुद्ध, धम्म आणि संघाला शरण जातो हे वचन, म्हणायची. मला यात ढोंग दिसत नाही. पोर जाण्याची भीती दिसते.

आता माझं. लहानपणी मला बुद्ध म्हणजे देवच वाटायचा. गणिताच्या पेपराआधी मी त्याला नवस बोललोय. साताऱ्यात कॉलेजला आल्यावर 'बुद्ध आणि त्याचा धम्म' वाचला. म्हातारा, आजारी आणि प्रेत बघून सिद्धार्थानं घर सोडलं ही गोष्ट बाबासाहेब तिथं नाकारतात. एकोणतीस वर्षांच्या माणसाला तोवर हे दिसलंच नव्हतं का, असा त्यांचा रोखठोक सवाल आहे. त्याजागी ते रोहिणी नदीच्या पाण्यावरून सिद्धार्थाचे शाक्य आणि शेजारचे कोलिय यांच्यात पेटलेला तंटा मांडतात. आमच्याकडं पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून सख्खे भाऊ कुऱ्हाडी काढतात, त्यामुळं मला ते लगेच पटलं. शेकडो वर्षं चालत आलेली कथा बाबासाहेबांनी तपासून बाजूला ठेवली. मग मी माझा नवस बाजूला ठेवला, तर धम्माशी बेइमानी कशी झाली?

पंचशील, म्हणजे धम्माची पाच शीलं, आपण पाठ म्हणतो. त्यात पाचही वेळा 'सिक्खापदं समादियामि' येतं. शिकायचा नियम मी अंगावर घेतो, असा त्याचा अर्थ मला तिशीनंतर कळला. 'मुसावादा', म्हणजे खोटं न बोलण्याचं शील, म्हणताना त्या दिवशी कामावर काय बोललो ते आता आठवतं आणि मान खाली जाते. पूर्वी नुसता सूर लागायचा. तुम्ही याला श्रद्धा पातळ होणं म्हणता. मला तर ती आता कुठं अंगाला लागायला लागली आहे.

राहिला टाक. माझी धाकटी बहीण जन्मली, तेव्हा आजी एकटीच एसटीनं कोरेगावला सोनाराकडं गेली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला विचारलंही नाही. त्या चांदीत थोडी भर घालून तिनं वाळे करून आणले आणि नामकरणाच्या दिवशी त्रिशरण-पंचशील झाल्यावर स्वतःच्या हातानं बहिणीच्या पायांत घातले. आता ते माझ्या भाचीच्या पायांत आहेत.