‘एका गाण्याचा बँड’ हा शिक्का आणि थिन लिझीचे बारा अल्बम

सत्तरच्या दशकातील हार्ड रॉकविषयी बोलणे निघाले की डब्लिनच्या थिन लिझी या बँडबद्दल एक ठरावीक विधान पुन्हा पुन्हा समोर येते आणि बहुतेक जण ते न तपासता पुढे पाठवतात. त्याचा आशय असा : थिन लिझी हा एका गाण्याचा बँड होता आणि ‘द बॉईज आर बॅक इन टाऊन’ वगळले तर त्यांच्याकडे लक्षात ठेवण्याजोगे काही नाही, दोन गिटारींची त्यांची प्रसिद्ध जोड विशबोन ॲश या ब्रिटिश बँडकडून उचललेली होती, गायक-गीतकार फिल लायनॉटचे शब्द म्हणजे टोळीतल्या पोरांच्या फुशारक्या, ‘लाइव्ह अँड डेंजरस’ हा त्यांचा गाजलेला अल्बम प्रत्यक्षात स्टुडिओत घडवलेला होता, आणि 1978 नंतर हा बँड संपल्यातच जमा होता. त्यांचे बाराही स्टुडिओ अल्बम मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. काही आरोपांत तथ्याचा अंश आहे, हे मान्य करूनही त्यांतून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, असे माझे ठाम मत आहे.

‘एकच गाणे’ हा हिशेब केवळ अमेरिकेच्या एकेरी गाण्यांच्या क्रमवारीवर बेतलेला आहे. तेथे 1976 साली ‘द बॉईज’ बाराव्या क्रमांकापर्यंत पोहोचले आणि त्यानंतर या बँडला तेवढे यश पुन्हा लाभले नाही, हे खरेच आहे. मात्र ब्रिटनमध्ये त्याआधीच, 1973 साली, ‘व्हिस्की इन द जार’ या जुन्या आयरिश लोकगीताचे त्यांचे रूप सहाव्या क्रमांकावर गेले होते. पुढे ‘डोन्ट बिलीव्ह अ वर्ड’ बाराव्या, ‘डान्सिंग इन द मूनलाइट’ चौदाव्या, ‘वेटिंग फॉर ॲन ॲलिबी’ नवव्या आणि ‘किलर ऑन द लूज’ दहाव्या क्रमांकावर पोहोचले. आपल्याकडे ‘व्हिस्की इन द जार’ अनेकांना मेटालिकाने 1998 साली केलेल्या ध्वनिमुद्रणातून माहीत असते. त्या ध्वनिमुद्रणाचा मूळ साचा थिन लिझीचा आहे, हे मात्र पुष्कळदा सांगायचे राहून जाते.

अमेरिकेत या बँडला पाय का रोवता आला नाही, हे तपासले की संगीताच्या दर्जापेक्षा घटनांचाच हात मोठा दिसतो. ‘द बॉईज’ अमेरिकी रेडिओवर गाजत असतानाच, जून 1976 मध्ये, लायनॉटला कावीळ झाली आणि रेनबो या बँडबरोबरचा दौरा रद्द करावा लागला. त्याच वर्षअखेरीस दुसरा अमेरिकी दौरा ठरला, तर निघण्याच्या तोंडावर गिटारवादक ब्रायन रॉबर्टसनच्या हाताला लंडनच्या एका क्लबातील मारामारीत इजा झाली आणि तोही दौरा रद्द झाला. 1979 साली गिटारवादक गॅरी मूर दौरा चालू असतानाच बँड सोडून गेला. गाणे लोकांच्या कानात ताजे असताना बँड त्यांच्यासमोर उभा राहू शकला नाही. त्या काळात अमेरिकेत श्रोतृवर्ग मुख्यतः दौऱ्यांतून तयार होत असे, हे लक्षात घेतले तर या गैरहजेरीची किंमत कळते. तिचा दोष अल्बमांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

विशबोन ॲशचा मुद्दा थोडक्यात निकाली निघतो. दोन गिटारींनी एकच सुरावट वेगवेगळ्या स्वरांवर वाजवण्याची रीत त्या बँडने 1972 च्या ‘आर्गस’ या अल्बममध्ये रुजवली होती आणि थिन लिझीत स्कॉट गॉरम व रॉबर्टसन ही जोडी 1974 साली आली, त्यामुळे ऋण आहेच आणि ते नाकारण्याचे कारण नाही. फरक वापराचा आहे. विशबोन ॲश ती वीण दीर्घ वादनात सावकाश उलगडत नेतात, तर थिन लिझी तिचा गाण्याच्या दोन ओळींमधला नेमका जबाब म्हणून उपयोग करतात, आणि त्या जबाबाखाली ब्रायन डाउनीचा ड्रम सतत झुलती लय देत असतो. ‘जेलब्रेक’ या अल्बममधील ‘एमराल्ड’ ऐकावे : लय आयरिश जिग नृत्याची, स्वर युद्धकथेचा, आणि शेवटी दोन्ही गिटारवादक आळीपाळीने एकमेकांना उत्तरे देतात. कॅलिफोर्नियाच्या गॉरमचा हात गुळगुळीत आणि लयदार, तर ग्लासगोच्या रॉबर्टसनचा धारदार व चिडका; ही दोन स्वभावांची गाठ उसनी घेता येत नाही. पुढे आयर्न मेडनसारख्या बँडने हीच रीत मोठ्या प्रमाणावर चालवली आणि 1988 साली थिन लिझीचेच ‘मॅसकर’ ध्वनिमुद्रित केले.

शब्दांविषयीचा आरोप मला सर्वांत अधिक खटकतो, कारण तो करणाऱ्याने बहुधा एकच गाणे ऐकलेले असते. लायनॉटचा जन्म 1949 साली इंग्लंडमध्ये झाला. आई आयरिश आणि अविवाहित, वडील ब्रिटिश गयानाचे कृष्णवर्णीय. तो वाढला डब्लिनच्या क्रमलिन भागात आजीजवळ, आणि पन्नासच्या दशकातील डब्लिनमध्ये कृष्णवर्णीय मुलगा ही अत्यंत दुर्मीळ गोष्ट होती. आपलाच असूनही वेगळा दिसणारा माणूस त्याच्या गीतांत सर्वत्र आढळतो. गुराखी, पळून गेलेला कैदी, भटक्या, परतलेला सैनिक ही सगळी त्याचीच रूपे आहेत. 1973 च्या ‘व्हॅगाबाँड्स ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’मध्ये ‘लिटिल गर्ल इन ब्लूम’ हे गाणे आहे. लग्नाआधी गरोदर राहिलेली एक मुलगी ही गोष्ट वडिलांना कशी सांगावी या विचारात आहे, एवढाच त्याचा विषय. गिटार तेथे दबक्या आवाजात राहते आणि गायक त्या मुलीला ना दोष देतो ना उपदेश करतो. ज्याच्या स्वतःच्या आईने हेच भोगले होते त्या चोवीस वर्षांच्या मुलाने हार्ड रॉकच्या अल्बमात हे लिहावे, ही साधी गोष्ट नव्हे.

‘डोन्ट बिलीव्ह अ वर्ड’मध्ये प्रियकरच प्रेयसीला बजावतो की माझ्या शब्दांवर विश्वास ठेवू नकोस, जेमतेम सव्वादोन मिनिटांत फुशारकीचा संपूर्ण बुरखा फाटतो. ‘सारा’ या एकाच नावाची दोन गाणी त्याने लिहिली : 1972 चे आजीसाठी, 1979 चे नवजात मुलीसाठी. खुद्द ‘द बॉईज’सुद्धा विजयाची आरोळी नाही. परतलेल्या मित्रांच्या जुन्या खोड्या आठवणारा एक माणूस तेथे बोलतो आणि कडव्यातील हळव्या मायनर स्वरसंगती त्या आठवणींत थोडी हुरहुर मिसळतात.

आता ‘लाइव्ह अँड डेंजरस’. जून 1978 मध्ये निघालेला हा दुहेरी अल्बम ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेला आणि वर्षाहून अधिक काळ यादीत राहिला. निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी याने नंतर सांगितले की त्यातील सुमारे 75 टक्के भाग स्टुडिओत पुन्हा ध्वनिमुद्रित झाला होता, आणि तेव्हापासून हा आकडा न्यायालयाच्या निकालासारखा उद्धृत होतो. बँडच्या बाजूने दिलेली माहिती याच्या नेमकी उलट आहे : मागचे आवाज आणि गिटारीचे काही तुकडे सुधारले गेले, बाकीचे वादन मंचावरचेच आहे, असे गॉरम आणि रॉबर्टसन दोघांनीही सांगितले. दोन्ही बाजू आठवणींवर बोलत होत्या, म्हणून 2023 साली निघालेला आठ सीडींचा संच मला निर्णायक वाटतो. लंडनचे हॅमरस्मिथ ओडियन, फिलाडेल्फिया आणि टोरोंटो येथील ज्या मैफिलींतून मूळ अल्बम निवडला गेला, त्या त्यात सलग ऐकता येतात. तेथेही गती तीच, ताण तोच, ‘काउबॉय साँग’च्या शेवटच्या स्वरातून ‘द बॉईज’मध्ये घेतलेली उडीही तीच. काही जागा अल्बममध्ये अधिक घोटीव आहेत, हे कानाला जाणवते; पण मंचावर नसलेला बँड स्टुडिओत निर्माण केला गेला, हे म्हणणे त्यानंतर टिकत नाही.

याच संदर्भात ‘स्टिल इन लव्ह विथ यू’ची दोन रूपे शेजारी ठेवावीत. 1974 च्या ‘नाइटलाइफ’मध्ये गॅरी मूरचा सोलो आणि फ्रँकी मिलरचा जोडीचा आवाज असूनही ध्वनिमुद्रण मऊ व झाकोळलेले वाटते; तो अल्बमच मुळात निर्मितीच्या दृष्टीने कमजोर आहे. चार वर्षांनंतरच्या थेट रूपात लायनॉट प्रत्येक ओळीमागे थांबतो, आणि रॉबर्टसनचा सोलो आधी पुटपुटतो, मग अडखळतो, मग मोकळा होतो. या बँडने मंचावर आपली गाणी किती वाढवली, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

राहिला 1978 नंतरच्या घसरणीचा दावा. त्याच्या पुढच्याच वर्षी ‘ब्लॅक रोझ’ आला आणि ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर पोहोचला. माझ्या मते तो त्यांचा सर्वोत्तम स्टुडिओ अल्बम आहे. शेवटचे सात मिनिटांचे शीर्षकगीत आयर्लंडला काळ्या गुलाबाच्या रूपात पाहणाऱ्या जुन्या कवितेचा धागा उचलते, त्यात कू हुलिनच्या आयरिश पुराणकथेपासून येट्स, जॉइस हे लेखक आणि फुटबॉलपटू जॉर्ज बेस्टपर्यंतची नावे गुंफते, आणि मधल्या भागात गॅरी मूर ‘डॅनी बॉय’ व ‘द मेसन्स एप्रन’सारख्या पारंपरिक सुरावटी गिटारीवर अशा वेगाने वाजवतो की फिडलवादकाचाही दम लागावा. लोकसंगीत आणि हार्ड रॉक यांची सांगड ‘व्हिस्की इन द जार’पासून चालू होती, येथे ती पूर्णत्वाला गेली. त्याच अल्बमातील ‘गॉट टू गिव्ह इट अप’मध्ये दारू आणि अमली पदार्थ सोडायलाच हवेत असे म्हणणारा माणूस आहे. लायनॉटला ते सुटले नाहीत आणि 4 जानेवारी 1986 रोजी छत्तिसाव्या वर्षी तो गेला, म्हणून हे गाणे मला सहज ऐकता येत नाही.

1980 च्या ‘चायनाटाऊन’मध्ये चांगली आणि भरतीची गाणी सारख्याच प्रमाणात आहेत, हे मान्य करायला हवे. 1981 चा ‘रेनेगेड’ ब्रिटनमध्ये अडतिसाव्या क्रमांकापलीकडे गेला नाही, तरी त्याच्या शीर्षकगीताची संथ चढण ऐकल्यावर त्याला अपयश म्हणणे अवघड होते. आणि 1983 च्या ‘थंडर अँड लायटनिंग’मध्ये जॉन साइक्स या नव्या गिटारवादकाने आणलेला आवाज इतका करडा आहे की ‘कोल्ड स्वेट’ त्या काळातल्या तरुण हेवी मेटल बँडांच्या गाण्यांशेजारी कुठेही कमी पडत नाही. त्याच अल्बमात ‘द सन गोज डाऊन’ हे डॅरेन व्हार्टनच्या कीबोर्डवर तोललेले सहा मिनिटांचे मंद गाणे आहे, जे या बँडने पूर्वी कधी केलेच नव्हते. हा अल्बम ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकावर गेला, म्हणजे ‘जेलब्रेक’च्या सहा पायऱ्या वर.