फक्त एक पुस्तक

लेकीने चौदाव्या वर्षी जाहीर केलं, "मला इलेक्ट्रॉनिक्स शिकायचंय. माझं मी शिकेन. तू फक्त एक चांगलं पुस्तक शोधून दे."

त्या 'फक्त'ने माझे तीन आठवडे खाल्ले.

या विषयावर लिहिणाऱ्यांना वाचक दोनच वयांचे ठाऊक असावेत. एक पाच वर्षांचा, दुसरा पीएचडीचा. पहिल्याच्या पुस्तकात इलेक्ट्रॉनला डोळे असतात आणि तो हसतो. ते लेकीने दोन बोटांत धरून मला परत केलं. मग जाणकारांनी एकमुखाने 'द आर्ट ऑफ इलेक्ट्रॉनिक्स' सुचवलं. होरोविट्झ आणि हिल यांचं, तिसरी आवृत्ती, बाराशेहून जास्त पानं. ग्रंथ थोरच आहे. आमच्याकडे सध्या तो मॉनिटरखाली असतो आणि माझी मानदुखी बरीच कमी आहे.

व्हिडिओंचं तर बोलूच नका. "ही वायर इथे, ती तिथे, झालं!" का, ते कुणी सांगत नाही.

शेवटी फॉरेस्ट मिम्सचं 1983 सालचं 'गेटिंग स्टार्टेड इन इलेक्ट्रॉनिक्स' हाती लागलं. अक्षर हाताचं, आकृत्या हाताच्या. वर्गातल्या हुशार मुलाची वही परीक्षेआधी मिळावी तसं. लेक रमली. मी सुटकेचा निःश्वास टाकला, तो अर्धाच बाहेर आला होता.

"बाबा, एलईडीला रेझिस्टर कशाला?"

"संरक्षणासाठी," मी भारदस्तपणे म्हणालो.

"कुणापासून?"

मी पेपर वर धरला. तिने एलईडी थेट 9 व्होल्टच्या बॅटरीला लावला. तो क्षणभर जीव तोडून चमकला आणि गेला. मग तिनेच हिशोब मांडला: लाल एलईडी साधारण 2 व्होल्ट घेतो, उरले 7, प्रवाह हवा 15 मिलीअँपिअर, म्हणजे तो आवरायला रेझिस्टर 7 भागिले 0.015, साधारण 467 ओहमचा.

डब्यात 467 नव्हता. 390 होता, 470 होता, पुढे एकदम 560. मी म्हटलं, मधले संपले असतील. दोन दिवसांनी तिने मला बसवून समजावलं: हे आकडे ठरले तेव्हा रेझिस्टरमध्ये दहा टक्के इकडेतिकडे चालायचं. 470चा वर सरकला तर 517, 560चा खाली आला तर 504. मध्ये फटच उरत नाही, मग वेगळा बनवायचा कशाला? मी मान डोलावली. (रात्री गुपचूप कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं. बरोबर आहे.)

बापाची इभ्रत राखायला मी मल्टीमीटर उचलला आणि नव्या बॅटरीचं व्होल्टेज मोजून दाखवायला गेलो. लाल प्रोब मिलीअँपिअरच्या भोकात राहिली होती. तशा अवस्थेत मीटर म्हणजे जवळजवळ नुसती तारच. फ्यूज गेला. लेक काही बोलली नाही, हे जास्त लागलं.

हल्ली ती डेटाशीट वाचते. कंपनी प्रत्येक भागासाठी देते ती माहितीपत्रिका. फुकट असते, आणि त्यात तो भाग किती सोसेल याचा एक तक्ता असतो. तीन आठवड्यांत मला ती कुणी सुचवली नव्हती.

काल तिची वही उघडी दिसली. एका पानावर नीट चौकट आखून लिहिलं होतं:

"बाबा. कमाल मर्यादा: सलग 3 प्रश्न. त्यापुढे तापतो. गार करायला हीटसिंक लागेल."